होय, नाही आणि अनिर्णित

होऊन गेलेल्या एखाद्या व्यक्तीचे नाव एकाने मनात धरावे आणि इतरांनी प्रश्न विचारीत विचारीत, केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढ्या उत्तरांच्या आधारे, त्या नावापर्यंत जाऊन पोहोचावे, हा खेळ पुष्कळांनी लहानपणी आगगाडीच्या प्रवासात किंवा दिवे गेलेल्या संध्याकाळी खेळलेला असेल. माझ्या वाट्याला तो पुन्हा आला तो सेवानिवृत्तीनंतर, आणि ज्यांच्या संगतीत आला त्यांच्यापैकी बहुतेकांना मी आजवर समक्ष पाहिलेले नाही. इंदूरच्या एक निवृत्त अध्यापिका, ज्यांना आम्ही सगळेच मावशी म्हणतो. बडोद्याच्या न्यायालयात हयात घालविलेले एक वकीलसाहेब. तंजावरच्या एका जुन्या मराठी घराण्यातील एक सद्गृहस्थ, ज्यांची मराठी आमच्या कानांना प्रथम अपरिचित आणि पुढे फार गोड वाटू लागली. आणि न्यू जर्सीतील एका इस्पितळात काम करणारी, मला ‘काकू’ म्हणून हाक मारणारी एक तरुण डॉक्टर, अशी ही मंडळी शनिवारी संगणकाच्या पडद्यावर जमतात, तेव्हा आमची रात्र झालेली असते आणि तिची सकाळ उगवलेली असते. इतिहासाची आवड हा आमच्यातील एकमेव दुवा होता. आता तो तेवढाच राहिलेला नाही.

या खेळाविषयी लिहावेसे वाटते याचे कारण माझ्या पेशात आहे. उमेदीची बहुतेक वर्षे मी एका कोशकचेरीत ऐतिहासिक व्यक्तींच्या चरित्रनोंदी लिहिण्यात आणि त्यांसाठी मोडी कागद वाचण्यात घालविली. ते काम एकांताचे, मंदगतीचे आणि कोणाला सांगून न समजणारे होते, असे मला वाटत असे. शनिवारच्या या मंडळीत बसू लागल्यावर ध्यानात आले, की जे मी टेबलाशी एकटी बसून करीत होते तेच आम्ही आता पाचजण मिळून मोठ्याने करीत आहो.

नियम थोडके आहेत. प्रश्न वीस, व्यक्ती मराठ्यांच्या किंवा अर्वाचीन महाराष्ट्राच्या इतिहासातील, आणि उत्तर देणाऱ्याजवळ प्रत्येक उत्तराला छापील किंवा हस्तलिखित दाखला असलाच पाहिजे. प्रत्येक प्रश्नाने शिल्लक नावांचे बरोबर दोन भाग पाडता आले, तर वीस प्रश्नांत १०,४८,५७६ नावांतून नेमके एक नाव वेगळे काढता येते, हे गणित वकीलसाहेबांनी पहिल्याच बैठकीत मांडून दाखविले होते. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी १९३२ ते १९४६ या काळात प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश सिद्ध केले. त्या तिहींतील नावे एकत्र केली तरी ती या संख्येच्या जवळपासही जाणार नाहीत. म्हणजे कागदावर पाहता आम्ही कधी हरताच कामा नये. तरीही आम्ही वारंवार हरतो, आणि का हरतो याचा विचार करू लागले म्हणजे मला माझी कचेरी आठवते.

जुन्या दप्तरातील खाजगी पत्र ज्याने हाताळले नसेल त्याला त्यातील अडचण सहसा कल्पनेने कळत नाही. सनदेवर किंवा सरकारी आज्ञापत्रावर सुहूर सन अरबी संख्यांच्या नावांनी अक्षरांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१, त्यात ५९९ मिळविले म्हणजे इसवी सन १७६० च्या मृगापासून पुढील मृगापर्यंतचे वर्ष निघते, आणि पानिपत त्याच वर्षात पडते. परंतु घरगुती पत्रात हा सन बहुधा नसतोच. ‘येथील कुशल तागायत’ एवढे म्हणून ‘छ’ या खुणेपुढे हिजरी महिन्याचा चंद्र तेवढा दिलेला असतो, कारण वर्ष कोणते चालू आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते, वाचणाऱ्यालाही ठाऊक होते, आणि अडीचशे वर्षांनंतर एखादी बाई ते पत्र भिंगाखाली धरून बसेल हे दोघांच्याही ध्यानीमनी नव्हते. माणसांच्या नावांचीही तीच गत. पत्रात ‘नाना’ म्हटले तर ते नानासाहेब पेशवे असतील, नाना पुरंदरे असतील किंवा नाना फडणीस असतील. ‘भाऊ’ म्हटले तर सदाशिवरावही असू शकतील आणि परशुरामभाऊ पटवर्धनही असू शकतील. तात्या आणि बापू यांची तर मोजदादच करू नये.

अशा कागदापुढे बसले म्हणजे त्याला प्रश्न विचारावे लागतात, आणि कागद हा फार मितभाषी साक्षीदार असल्यामुळे प्रश्न असे बेतावे लागतात की त्याला होय किंवा नाही एवढेच म्हणता यावे. लिहिणाऱ्याला पानिपतची वार्ता कळलेली आहे काय? कळली असेल तर पत्र १४ जानेवारी १७६१ च्या पुढचे. नानासाहेब पेशवे त्यात हयात आहेत काय? असतील तर ते २३ जून १७६१ च्या मागचे, निदान ती बातमी लिहिणाऱ्यापर्यंत पोहोचण्याच्या मागचे. ‘कैलासवासी’ हे पद कोणाच्या नावाला लावलेले आहे? रघुनाथरावांचा उल्लेख आदराने आहे, सावधपणे आहे की रोषाने आहे? धारण काय आहे, पाऊस लागला की नाही, नदीला उतार आहे काय? याप्रमाणे पाच-सहा उत्तरे जुळली म्हणजे अनेक वर्षांच्या पैसातून पत्र चार-पाच महिन्यांच्या आत येऊन उभे राहते, आणि मग दिलेला चंद्र त्या महिन्यांत कोठे बसतो ते जंत्रीत पाहून तारीख कायम करता येते. राजवाड्यांनी साधनांचे बावीस खंड काढले, वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनी दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ उभा केला, रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तराचे पंचेचाळीस भाग संपादिले. या तिन्ही थोर पुरुषांचे असंख्य दिवस याच प्रश्नोत्तरांत गेले असले पाहिजेत. त्यांच्या छापील ग्रंथांत पत्राच्या माथ्यावर दिसणारी एक तारीख म्हणजे एका दीर्घ उलटतपासणीचा निकाल असतो, हे सामान्य वाचकाला कधी दिसत नाही, आणि दिसावे असे मला फार वाटते.

आता खेळाकडे वळते. आमच्या हरण्याचे पहिले कारण मला तंजावरकरांनी दाखवून दिले. त्यांनी नाव धरले होते आणि प्रश्न आम्ही विचारीत होतो. पुरुष काय? होय. मराठी मातृभाषेचा काय? होय. पेशव्यांच्या पदरी होता काय? नाही. सातारा, कोल्हापूर, नागपूर यांपैकी एखाद्या गादीशी संबंध होता काय? नाही. शिंदे, होळकर, गायकवाड, पवार यांच्या दौलतीत होता काय? नाही. लढाईवर गेला होता काय? नाही. येथे आम्ही अडलो, कारण महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या मनातील मराठ्यांचा इतिहास ज्या चौकटीत बसविलेला असतो ती चौकट संपली होती. वकीलसाहेबांनी विचारले, ‘राजा होता काय?’ होय. ‘राज्य केले काय?’ या प्रश्नावर तंजावरचे सद्गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले आणि शेवटी म्हणाले, की याला होय म्हणणे खोटे होईल आणि नाही म्हणणे अन्यायाचे होईल.

ते सरफोजी राजे दुसरे होते. १७९८ साली ते गादीवर आले, पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला, आणि राजांच्या हाती तंजावरचा किल्ला तेवढा राहिला. त्या किल्ल्याच्या आत राहून १८३२ पर्यंत त्यांनी जे केले ते मोठमोठी राज्ये हाताखाली असलेल्यांनाही साधले नाही: सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढविला, नेत्रचिकित्सेची प्रकरणे नोंदवून ठेवविली, छापखाना घालून तेथे देवनागरी टंकांत पुस्तके काढविली, त्यांतील ‘बालबोध मुक्तावली’ १८०६ सालची आहे, आणि १८०३ साली बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा सविस्तर इतिहास मराठीत कोरविला. ज्या श्वार्ट्‌झ नावाच्या जर्मन पाद्र्याच्या छायेत ते वाढले त्याचे संगमरवरी स्मारकही त्यांनी करविले. या सगळ्यांपैकी एकाही गोष्टीविषयी आम्ही प्रश्न विचारला नव्हता. आम्ही पुन्हा पुन्हा गादी, फौज आणि दरबार यांचीच विचारपूस करीत राहिलो. प्रश्न विचारणाऱ्याच्या घरी कोणते दप्तर आहे हे त्याच्या प्रश्नांवरून ओळखता येते. आणि कोशातील नोंदींचे ठरीव साचे, म्हणजे घराणे, हुद्दा, मोहिमा, मृत्यू ही जी रचना आम्ही कचेरीत वर्षानुवर्षे वापरीत आलो, ती पुण्याच्या दप्तरातून निघालेली होती, हे त्या रात्री मला फार स्पष्टपणे कळले.

त्याच रात्री तिसरे उत्तर खेळात दाखल झाले. होय, नाही आणि अनिर्णित. वकीलसाहेबांनी त्याला कडक अटी घातल्या: उत्तर देणाऱ्याला स्वतःला माहिती नाही म्हणून अनिर्णित म्हणता येणार नाही, उपलब्ध पुराव्यावरून निवाडा होत नाही, किंवा प्रश्नच त्या व्यक्तीला लागू करता येत नाही, असे दाखविता आले तरच ते ग्राह्य. कोशकचेरीत अशा उत्तराला फारशी जागा नव्हती. जन्मसाल अमुक, मृत्यू अमुक ठिकाणी, असे निश्चित विधान पाहिजे असे. शंकेचे चिन्ह घातले तर वरिष्ठ ते काढावयास सांगत, आणि त्यांच्याही मागे पृष्ठसंख्येची मर्यादा उभी असे. त्यामुळे अनिर्णित गोष्टी मी माझ्या खाजगी टिपणवहीत लिहून ठेवी. त्या वहीला शनिवारच्या बैठकीत एकाएकी मोल आले.

मावशींनी धरलेले एक नाव मी विसरू शकत नाही. स्त्री काय? होय. अठराव्या शतकातील काय? होय. पेशव्यांच्या घराण्यातील काय? होय. राज्यकारभारात प्रत्यक्ष हात होता काय? नाही. पतीबरोबर मोहिमेवर गेली होती काय? होय. तेव्हा न्यू जर्सीच्या डॉक्टरीणबाईंनी सहज विचारले, ‘विधवा होती का?’ मावशींनी चष्मा काढून हातात धरला आणि म्हणाल्या, ‘अनिर्णित.’ वकीलसाहेबांनी त्याच क्षणी नाव सांगितले: पार्वतीबाई.

पार्वतीबाईंचे पती सदाशिवरावभाऊ यांचे पानिपतावर काय झाले याविषयी काशीराज पंडिताने फारसीत लिहिलेल्या वृत्तांतात त्यांचे शव ओळखून त्याला अग्नी दिल्याचे येते. पण रणांगणातून परत आलेल्या पार्वतीबाईंनी तो शेवट मानला नाही. त्या सौभाग्यचिन्हे धारण करून राहिल्या, आणि पेशव्यांच्या घरानेही त्यांना तसे राहू दिले. मधल्या काळात भाऊसाहेब म्हणून एक मनुष्य पुढे आला. पुण्यास आणून त्याची चौकशी झाली, तो सुखलाल नावाचा कनोजा ब्राह्मण असल्याचे ठरले आणि त्याला कैदेत टाकण्यात आले. १७७६ साली रत्नागिरीच्या कैदेतून तो बाहेर पडला, कोकणातील किल्ल्यांमागून किल्ले त्याच्या हाती गेले, पुष्कळ लोकांनी त्याला खरा मानला, आणि अखेर पकडला जाऊन त्याच वर्षी त्याला देहान्त शासन झाले. तोतया ठरविण्याचा निवाडा असा दोनदा पक्का झाला, परंतु त्यापुढे जाऊन पार्वतीबाईंना विधवा ठरविण्याचा निवाडा कोणी केला नाही. १७८३ साली त्या वारल्या त्या सौभाग्यवती म्हणूनच.

डॉक्टरीणबाईंना हा वृत्तांत अपरिचित होता. तिच्या इस्पितळात रोज मृत्यूची वेळ मिनिटापर्यंत नोंदावी लागते. ती म्हणाली, ‘काकू, बावीस वर्षे एका माणसाची ना मृत्यूची नोंद ना जिवंतपणाची, आणि सगळे दरबारी लोक ते सांभाळून घेतात, हे मला समजायला वेळ लागेल.’ मला वाटते, पार्वतीबाईंच्या चरित्रातील हीच गोष्ट नोंदीच्या पहिल्या ओळीत असावयास पाहिजे. त्या कोणाच्या कन्या आणि कोणाच्या पत्नी हे त्यानंतर यावे. कारण तशा कन्या आणि तशा पत्नी त्या काळी कितीतरी होऊन गेल्या, परंतु जिच्या वैधव्याचा प्रश्न एका साम्राज्याने खुला ठेवला अशी स्त्री दुसरी मला आढळलेली नाही. वकीलसाहेबांना नाव एका उत्तरात सापडले ते याचमुळे. होय आणि नाही यांनी माणसांचे गट पडतात. अनिर्णित या उत्तराने पुष्कळदा एकच माणूस समोर येऊन उभा राहतो.

हे उत्तर काळाप्रमाणे बदलतेही. शिवछत्रपतींचा जन्म १६२८ पूर्वीचा काय, हा प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणी विचारला असता तर बहुतेकांनी होय म्हटले असते, कारण बखरींच्या आधाराने १६२७ हे साल रूढ होते. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रकाशात आणली, तीत शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया निघाली, आणि पुढे कितीतरी दशके या प्रश्नावर विद्वान झगडत राहिले. आज महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारलेली आहे. आमच्या खेळात उत्तर देताना म्हणूनच आपण कोणत्या साधनावर उभे आहो ते सांगावे लागते. या एका अटीमुळे पुष्कळदा खेळ थांबतो आणि पुस्तके उघडली जातात, याबद्दल मला खेद नाही.

डॉक्टरीणबाईंनी स्वतः धरलेल्या नावाविषयीही सांगितले पाहिजे. ‘स्त्री’, ‘एकोणिसावे शतक’, ‘परदेशी गेली’ एवढे होकार मिळताच आम्हा सगळ्यांना वाटले की नाव हाती आले. परंतु मावशींनी ‘डॉक्टर म्हणून काम केले का?’ असे विचारताच उत्तर ‘नाही’ असे आले, आणि क्षणभर सारे पंडिता रमाबाईंकडे वळले. नाव आनंदीबाई जोशी यांचेच होते. १८८६ साली पेनसिल्व्हेनियात वैद्यकाची पदवी, कोल्हापूरच्या इस्पितळातील नेमणूक, आणि ती नेमणूक अंगीकारण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात मृत्यू. तेव्हा वयाला बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. ‘त्यांनी एकही दिवस काम केले नाही आणि तरी मी ज्या वाटेने आले ती त्यांची आहे,’ असे ती म्हणाली. आनंदीबाईंची रक्षा न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील दफनभूमीत ठेवलेली आहे. तेथे ती जाऊन आलेली होती.

अलीकडे वकीलसाहेबांनी धरलेले नाव मात्र आमच्या सगळ्यांच्या कसोटीचे ठरले. पुरुष काय? होय. पानिपतच्या वेळी हयात होता काय? अनिर्णित. रणांगणावर होता काय? अनिर्णित. शिंद्यांच्या पदरी होता काय? यावर त्यांनी थोडा विचार केला आणि पुन्हा अनिर्णित म्हणाले. मी विचारले, त्याच्या हातचा मजकूर उपलब्ध आहे काय? त्याने रचलेला आहे, असे ते म्हणाले, आणि पहिल्या प्रश्नानंतर तेवढे एकच निखळ ‘होय’ आम्हाला मिळाले. जन्मस्थान, कुळ, वय, मृत्यू यांच्या बाबतीत आम्ही जेथे जेथे हात घातला तेथे तेथे अनिर्णित. तेव्हा बराच वेळ न बोललेली आमची डॉक्टर म्हणाली, ‘त्याचे नाव तरी नक्की ठाऊक आहे का?’ अनिर्णित. ‘मग तो भाऊसाहेबांच्या बखरीचा कर्ता आहे,’ असे ती तत्काळ म्हणाली.

उत्तर बरोबर होते. का. ना. सान्यांनी प्रसिद्ध केलेली ती बखर पानिपतचे वर्णन करणाऱ्या मराठी गद्यात फार वरच्या पायरीवर आहे. परंपरेने तिच्या कर्त्याचे नाव कृष्णाजी शामराव असे सांगतात, आणि शिंद्यांविषयी, विशेषतः दत्ताजींविषयी, तीत दिसणाऱ्या जिव्हाळ्यावरून तो त्यांच्या पदरी असावा असा तर्क केला जातो. परंतु या दोन्ही गोष्टी निर्विवाद म्हणता येत नाहीत. मावशींनी आपली छापील प्रत आणली, बुराडी घाटाचा प्रसंग काढला, आणि लिहिणारा तेथे स्वतः असेल की नसेल यावर आम्ही प्रत्येक वाक्य घेऊन बोलत राहिलो. एवढ्यात तंजावरकरांनी हरकत घेतली, की नियमाप्रमाणे नाव सांगावयाचे असते आणि डॉक्टरीणबाईंनी ग्रंथ सांगितला. वकीलसाहेबांनी दोन्ही बाजू ऐकून निकाल तिच्या बाजूने दिला. ज्याचे नावच वादग्रस्त आहे त्याला त्याच्या कृतीवरून ओळखणे ग्राह्य धरले पाहिजे, असे कारण त्यांनी नोंदविले. तंजावरकरांना ते मान्य नाही. सरफोजी राजांच्या वेळी आपण मला अशी सवलत दिली नव्हती, असे त्यांचे म्हणणे असून, त्याचा विचार येत्या शनिवारी व्हावयाचा आहे.